लाओ चीचे ज्याओझ

आमच्या युआनतुनमध्ये चिसांगा कोण, असं विचारलंत तर लोक नुसते बघत राहतील. लाओ ची म्हणा, मग पंपाच्या कारखान्यासमोर भाजकी रताळी विकणारासुद्धा गाडी सोडून तुम्हाला चौथ्या इमारतीच्या जिन्यापर्यंत आणून पोचवील आणि वाटेत त्याच्या दोन गोष्टी सांगेल, त्यांतली एक हमखास थाप. जिन्याखाली एक काळी सायकल उभी आहे. साखळी गंजून गेली, सीटवर कुणाच्या तरी मांजरीनं संसार थाटला, पण ती हलवायची कुणाची छाती नाही. मागे एका नव्या सफाईवाल्यानं ती भंगारात काढायला हात घातला, तर तिसऱ्या मजल्यावरून मेंगताईंचा असा आवाज आला की बिचारा झाडू तिथंच टाकून फाटकापर्यंत गेला. ती सायकल लाओ चीची, आणि ती तिथंच राहायची आहे.

माणूस झांबियाचा, तिथल्या म्पिका गावचा. झांबिया नेमका कुठे, हे त्याच्याबरोबर उभा जन्म काढलेल्या अर्ध्या इमारतीला आजही सांगता यायचं नाही. आफ्रिकेत, म्हणजे लांब, म्हणजे गरम, एवढ्यावर आमचं भागत होतं. त्याच्या लहानपणी म्पिकात रेल्वे घालायला आमच्याकडची माणसं गेली होती. हा पोरगा दिवसभर त्यांच्या भटारखान्याभोवती घुटमळायचा. त्यामुळे चिनी तो शिकला ती आधी शिव्यांतून, मग जेवणाच्या पदार्थांतून आणि शेवटी हत्यारांच्या नावांतून. तिथल्या एका मुकादमानं त्याचं नाव ऐकलं आणि म्हणाला, चिसांगा-बिसांगा काही नाही, तू आमच्या ची घराण्यातला. तेव्हापासून तो ची. केस पिकायच्या कितीतरी आधी तो लाओ ची, म्हणजे म्हातारा ची झाला, कारण आमच्यात एखाद्याला जवळचा मानलं की आधी त्याला म्हातारा करून टाकतात.

पुढे तो म्पिकाच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर झाला. बायको तापानं गेली, मुसोंडा नावाची मुलगी त्याच्या बहिणीनं सांभाळली. आणि मग ओतकाम शिकायला म्हणून वर्कशॉपानं त्याला एका वर्षासाठी आमच्याकडे धाडलं. एका वर्षासाठी. याच बोलीवर तो आला होता, हे नंतर त्याला कुणी आठवण करून दिली की तो स्वतःच खो खो हसायचा. झालं असं की त्याच सुमारास आमच्या पंपांना आफ्रिकेतून मागणी यायला लागली, आणि इंग्रजी नकाशे वाचणारा, शिवाय ओतीव लोखंडावर बोट वाजवून आत पोकळी आहे की नाही ते ओळखणारा माणूस कारखान्याला दुसरा मिळेना. वर्षाची दोन झाली, दोनाची दहा.

तो आला ते ऐन जानेवारीत. बर्फ पडत होता आणि याच्या अंगात पावसाळी कोट. तिसऱ्या मजल्यावर त्याला खोली दिली होती, समोरच्या दारात भट्टीवाले लुआन शिफू, शिफू म्हणजे उस्ताद, आणि त्यांची बायको मेंग शुछिन. सामान घेऊन तो वर पोचला तेव्हा मेंगताईंनी पिठाच्या हातानं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा कोटात आलास? घरात कुणी सांगणारं नव्हतं का तुला?"

याला वाटलं, बाई रागावली. त्यानं माफी मागितली. कसली मागितली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मेंगताईंनी त्याची बाही धरून त्याला आत ओढलं आणि नूडल्सचा वाडगा पुढ्यात ठेवला. वरून अंडं, कांद्याची पात, आणि सोयाबीनची चटणी. तो तोडून तोडून खायला लागला तशी त्याच्या हातावर चॉपस्टिकनं हलकीच चापट बसली. तोडायच्या नाहीत, ओढून खायच्या. का, ते कुणी सांगितलं नाही.

ते त्याला हळूहळू कळलं. आमच्याकडे घरातून कुणी लांब निघालं की त्याला ज्याओझ खाऊ घालतात. पिठाची पातळ पारी, आत मांसाचं आणि भाजीचं सारण, कडा दाबून मुरड घालायची आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. जाणाऱ्याचं सगळं ज्याओझसारखं नीट बांधलेलं राहावं, वाटेत काही सांडू नये. मराठी घरातून लेक सासरी निघाली की मुरडीचे कानवले देतात ना, त्यातलाच हा प्रकार. आणि तोच माणूस परत आला की त्याला नूडल्स. त्या लांब असतात, आलेल्याच्या पायांत गुंततात, म्हणजे तो पुन्हा लगेच उठून जात नाही. मेंगताई या बाबतीत फार कडक. नवरा नुसता तालुक्याला सांधे दाखवायला गेला तरी सकाळी ज्याओझ आणि संध्याकाळी नूडल्स. सारणासाठी त्या दोन्ही हातांत दोन सुरे घेऊन फळीवर खटखट मांस बारीक करायच्या. तो आवाज भिंतीतून खालीवर जायचा आणि लोक म्हणायचे, मेंगताईंकडून कुणीतरी निघालंय.

सुरुवातीची वर्षं लाओ चीला सोपी गेली नाहीत. बाजारात गेला की मागे रांग. पोरं हात लावून पळायची, म्हाताऱ्या बायका उघड उघड आपापसात चर्चा करायच्या आणि तो चिनीत उत्तर द्यायचा तेव्हा त्यांची पळता भुई थोडी व्हायची. सगळ्यात कठीण म्हणजे कारखान्याचं न्हाणीघर. शनिवारी सगळी पाळी तिथं. वाफेचे लोट, गरम पाण्याचा हौद आणि एकमेकांची पाठ चोळून देणारी नागडी माणसं. लाओ ची पहिल्यांदा आत गेला आणि हौदातला गलका थांबला. कुणीतरी कोपऱ्यातून म्हणालं, शिफू, घासून बघा, रंग निघतो का. लुआन शिफूंनी हाताला खरखरीत फडकं गुंडाळलं, लाओ चीला पालथा झोपवला आणि पाठ चोळता चोळता शांतपणे म्हणाले, "याचा रंग राहू दे. तुझ्या मानेवरचा मळ निघाला तरी पुष्कळ झालं. तुझा नंबर याच्यानंतर."

हौदात हशा पिकला आणि तो विषय तिथं मिटला. त्यानंतर दर शनिवारी शिफू त्याची पाठ चोळायचे आणि तो शिफूंची. भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या त्या पाठीवर ठिणग्यांचे बारीक डाग होते, ते लाओ चीला पाठ झाले होते.

खरा तो आमचा झाला तो कोबीमुळे. हिवाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे कोबीचे ट्रक येतात आणि प्रत्येक घर थंडीभराचा साठा करून ठेवतं. जिन्यात, गॅलरीत, खिडकीबाहेर जिकडेतिकडे कोबी, आणि आंबवायला घातलेल्या कोबीचे रांजण. लिफ्ट नाही. लाओ ची सगळ्यांचा कोबी पाठीवर टाकून वर न्यायचा, पहिल्या मजल्याच्या म्हातारीचा आधी. त्याचा स्वतःचा रांजण पहिल्या वर्षी नासला. काय तो वास. आख्खी इमारत नाकाला रुमाल लावून हिंडली. वरचा दगड हलका पडला, असा निकाल मेंगताईंनी दिला आणि आपल्या रांजणावरचा जड दगड, सासूच्या काळापासूनचा, त्याला देऊन टाकला. वर्षभर टोमणे मारायची सोयही करून ठेवली. कोबीसाठी दगड मिळाला, आता संसारासाठी बायको कोण आणून देणार, म्हणायच्या.

बायकोचंही त्यांनी मनावर घेतलं होतं. कॅन्टीनमधली विधवा झाली, शाळेतली हिशेबनीस झाली, धाकट्या भावाची मेहुणीही झाली. लाओ ची प्रत्येकीबरोबर चहा पिऊन यायचा आणि हसून नाही म्हणायचा. शेवटी मेंगताईंनी नाद सोडला. वयाची बारा-बारा वर्षांची फेरी पुरी होते ते वर्ष जड जातं, म्हणून त्या वर्षी आमच्यात आतून लाल कपडे घालतात. त्याच्यासाठी त्या लाल विजार-बंडी घेऊन आल्या. ती दोरीवर वाळत घातली की चार इमारतींतल्या बायका खिदळायच्या. लाओ चीला म्हणे आधी लाज वाटायची. नंतर तो ती मुद्दाम पुढच्या बाजूला वाळत घालायला लागला.

दिवस चांगले चालले होते आणि शिफूंचं पोट दुखायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरनं मोठ्या शहरात पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी पोटाचा बराच भाग काढून टाकला आणि मेंगताईंना बाजूला घेऊन सांगितलं की वर्ष निघालं तर निघालं. हे मेंगताईंनी कुणाला सांगितलं नाही. फोनवर लाओ चीला एवढंच म्हणाल्या की आम्ही गुरुवारी येतोय, किल्ली तुझ्याकडे आहेच.

लाओ चीनं रजा टाकली. घर झाडलं, खिडकीतल्या लसणीच्या पातीला पाणी घातलं, आणि दार लावून घेऊन शिफूंच्या आवडीचे ज्याओझ करायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा. मेंगताईंना करताना शंभरदा पाहिलं होतं, पण हातानं केले नव्हते. निम्मे फुटले, उरलेले कानाच्या आकाराचे झाले. इतकी वर्षं आमच्यात राहून, दर वेळी निघताना ज्याओझ आणि आल्यावर नूडल्स खाऊनही त्या आनंदात त्याला सुचलं नाही की आपण काय करतोय. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की शिफूंना सगळ्यात जास्त काय आवडतं.

शिफू दोघांच्या आधारानं जिना चढून आले. निम्मे झाले होते. खुर्चीत बसले. लाओ चीनं वाफाळती थाळी आणून समोर ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला. मेंगताईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

शिफूंनी थाळीकडे बघितलं, मग लाओ चीकडे.

"अरे, मी आत्ताच आलोय रे," ते म्हणाले. "लगेच कुठं धाडतोस?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो थाळी उचलायला पुढे झाला, पण शिफूंनी ती धरून ठेवली.

"राहू दे. केलेस ते खातो. निघायचं तर आहेच कधीतरी. फक्त माझ्या गाडीला उशीर आहे असं दिसतंय."

आणि त्यांनी त्या उरलेल्या चिमूटभर पोटात दोन ज्याओझ घातले, सावकाश, पूर्ण चावून. लाओ ची आपल्या खोलीत गेला तो दोन दिवस बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी मेंगताईंनी लाटण्यानं त्याचं दार वाजवलं. बाहेर ये, म्हणाल्या, शिफूंची पाठ कोण चोळणार, तुझा बाप?

वर्ष निघालं. दुसरं निघालं. दर वर्षी त्या गुरुवारच्या सुमाराला शिफू जिन्यात ओरडून विचारायचे, लाओ ची, स्टेशनावर चौकशी केलीस का, गाडी अजून लेटच आहे का. नऊ वर्षं जगले. इमारतीतल्या लोकांनी याचा अर्थ लावून टाकला होता. त्यांचं म्हणणं, वरच्यानं ज्याओझ बघितले, त्याला वाटलं लुआन निघालाय, मग आणायला माणूस कशाला पाठवा. असा हा लाओ चीच्या चुकीचा महिमा. खालच्या म्हातारीनं तर दम्याचा त्रास वाढला तेव्हा त्याच्याकडे ज्याओझची मागणीही नोंदवली होती.

त्या नऊ वर्षांत बाकीचं मात्र सगळं निघून गेलं. कारखान्यानं माणसं कमी केली, मग आणखी कमी केली. सकाळचा भोंगा बंद झाला आणि लोकांना वेळेचा अंदाज येईना. न्हाणीघराला कुलूप लागलं. लुआनांचा मुलगा बायको घेऊन दक्षिणेला गेला, सगळ्यांचेच गेले. लाओ चीला म्पिकाहून बोलावणी यायची, मुसोंडाचं लग्न झालं, नातू झाला. तो जाऊन यायचा. जाताना ज्याओझ, येताना नूडल्स. तो एकटाच असा की जो गेला तेवढ्या वेळा परत आला, असं शिफू म्हणायचे, आणि म्हणताना मुलाचं नाव घ्यायचे नाहीत.

शेवटच्या हिवाळ्यात शिफूंचं जेवण सुटलं. एका दुपारी त्यांनी लाओ चीला जवळ बोलावलं आणि ज्याओझ कर म्हणाले.

लाओ ची म्हणाला, "नूडल्स करतो, शिफू. मऊ करतो."

"नूडल्स नकोत. नऊ वर्षं खातोय. पायात इतक्या गुंतल्यात की हलता येत नाही. या वेळी बरोबर वेळ आहे, तू कर."

त्यानं केले. आता हात बसला होता, एकही फुटला नाही. शिफूंनी अर्धा खाल्ला, आकार सुधारला म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. स्मशानात नेण्याआधी अंग पुसायचं होतं. पाठ लाओ चीनंच चोळली. मुलगा पोचला होता, पण तो बाजूला उभा राहिला, कारण ते काम लाओ चीचं आहे हे त्यालाही माहीत होतं.

त्यानंतर समोरासमोरची ती दोन दारं दिवसभर उघडीच असायची. मेंगताई इकडून भाजी चिरत बोलायच्या, लाओ ची तिकडून बातम्या बघत हूं हूं करायचा. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. एका बाईनं तोंडावर विचारलं तेव्हा मेंगताई म्हणाल्या की बाई, एक नवरा पुरून उरला, आता एक शेजारी तरी धड मिळू दे. मुलगा दक्षिणेला चला म्हणायचा. त्या जायच्या नाहीत. तिथं हिवाळा नाही, कोबी आंबत नाही, अशी कारणं द्यायच्या.

आणि मग लाओ ची साठ वर्षांचा झाला. साठ झाली की परदेशी माणसाला आमच्याकडे कामाचा परवाना मिळत नाही, आणि कामाचा नाही तर राहण्याचाही नाही. नियम जुना होता, लाओ चीलाही ठाऊक होता, पण ठाऊक असणं वेगळं. कारखान्याच्या कचेरीतली मुलगी, जिला त्यानं कडेवर घेऊन खेळवलं होतं, तिनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग रडत रडत सांगितलं. उलट त्यालाच तिची समजूत घालावी लागली. पाहुणा म्हणून पुन्हा येता येईल, महिनाभर राहता येईल, असं ती म्हणत होती. पाहुणा हा शब्द त्याला लागला. इतक्या वर्षांत तो त्याच्या वाट्याला आला नव्हता.

मेंगताईंना त्यानं सांगायचं टाळलं, पण युआनतुनमध्ये न सांगता कळत नाही असं काय आहे. त्या वर्षीही लाल विजार-बंडी त्याच्या दाराला अडकवलेली सापडली, सोबत लाल मोजे. त्यापलीकडे त्या विषयावर एक अक्षर नाही. निरोपाचे सोहळे झाले. कारखान्यानं जेवण दिलं आणि सोनेरी अक्षरांचा रेशमी पट्टा दिला. भट्टीवरचे म्हातारे दारू पिऊन गळ्यात पडले. घराघरांतून ज्याओझचं आमंत्रण यायला लागलं आणि लाओ ची प्रत्येकाला पोटाचं निमित्त सांगून टाळायला लागला. खरं कारण त्याच्या मनात होतं. निघतानाचे ज्याओझ तो आजवर एकाच घरचे खात आला होता. या वेळीही तेच हवे होते. ते मिळाले की आपण इथून घरचा माणूस म्हणून निघालो, नाहीतर एक परदेशी इतकी वर्षं राहिला आणि परवाना संपला म्हणून गेला, एवढंच. आख्ख्या शहराकडून त्याला दुसरं काही नको होतं.

आदल्या संध्याकाळी तो बॅग भरता भरता कान लावून बसला होता. दोन सुऱ्यांची खटखट आली नाही. मेंगताईंचं दारही, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, बंद होतं. त्याला वाईट वाटलं, आणि राग आला, आणि रागाची लाज वाटली. म्हातारी थकली असेल, विसरली असेल, असं त्यानं मनाला समजावलं. मन समजलं नाही.

सकाळी गाडी आली. खाली सगळी इमारत जमा झाली होती. बॅगा गेल्या. लाओ चीनं खोलीला कुलूप लावलं आणि समोरचं दार वाजवलं.

मेंगताईंनी पिठाच्या हातानंच दार उघडलं. त्याचा जीव भांड्यात पडला. आत जाऊन बसला, नेहमीच्या खुर्चीत, आणि त्यांनी वाडगा आणून त्याच्यापुढे ठेवला. नूडल्स होत्या. लांब, हातानं कापलेल्या, वर अंडं, पात आणि सोयाबीनची चटणी, अगदी पहिल्या दिवशीसारख्या.

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, चुकलात. मी निघालोय. आलो नाही."

मेंगताई समोर बसल्या. हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले.

"तू चुकलास तेव्हा माझा माणूस नऊ वर्षं जगला," त्या म्हणाल्या. "मला पण एकदा चुकू दे."

खालून गाडीचा भोंगा वाजला. लाओ चीनं चॉपस्टिक उचलल्या आणि एकही नूडल न तोडता तो वाडगा संपवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही आणि मेंगताईंनीही तिकडे बघितलं नाही, त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या. सूप प्यायला, वाडगा पालथा करून दाखवला. जिना उतरताना तो एका पायरीवर अडखळला, तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, बघ, गुंतल्या की नाही. खाली येऊन त्यानं सायकलची किल्ली कुणाला द्यावी याचा विचार केला आणि ती खिशातच ठेवली.

विमानं बदलत, बस बदलत तो म्पिकाला पोचला. तिथं गल्लीतली पोरं त्याला चिनी आजोबा म्हणतात, असं त्यानंच नंतर सांगितलं. जेवताना तो चॉपस्टिक शोधतो, थंडी नसताना लाल मोजे घालतो, आणि पहिल्या पावसाळ्यात त्यानं कुठूनसा रांजण आणून कोबी आंबवायचा प्रयत्न केला, तो तिथल्या उकाड्यात असा नासला की मुसोंडानं बापाला रांजणासकट अंगणाबाहेर काढलं.

पोचल्यावर चार दिवसांनी त्याचा फोन आला होता. मेंगताई तेव्हा अंगणात ऊन खात बसल्या होत्या, आम्ही सगळे भोवती. फोन मोठ्या आवाजावर टाकला. त्यांनी आधी हवा विचारली, मग नातू विचारला, आणि मग आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, घरी गेल्या गेल्या काय खाल्लंस.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"मीच केलं सगळ्यांसाठी," लाओ ची म्हणाला. "ज्याओझ."

मेंगताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला, उगाचच, कारण आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता. त्यांचं तोंड आधी रडायला आलेलं होतं, ते मध्येच कुठेतरी हसायला लागलं.

"ज्याओझ खाल्लेस ना?" त्या म्हणाल्या. "मग बसलायस काय तिथं? निघ की आता."